मोटारीची जिल्हई : चकाकी येते कशी आणि टिकते कशी

विजयादशमीला महाराष्ट्रात मोटारीला झेंडूचा हार चढतो. दक्षिणेत आयुधपूजेला तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली जातात. बंगाल, ओडिशा, झारखंड या राज्यांत १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजेनिमित्त चालक आणि मालक आपली वाहने धुऊन-पुसून सजवतात. या सर्व पूजांपूर्वी एक काम मात्र सर्वत्र सारखेच होते. मोटार अशी चकचकीत करायची की बोनेटमध्ये तोंड दिसावे.

या हौसेवर देशात मोठा व्यवसाय उभा आहे. दिल्लीतील करोलबाग, चेन्नईतील जनरल पॅटर्स रोड, बंगळुरूतील जे. सी. रोड यांसारख्या मोटारसामानाच्या बाजारपेठांत मेणाच्या लहान डबीपासून अनेक वर्षे टिकण्याचे आश्वासन देणाऱ्या महागड्या लेपांपर्यंत सर्व काही मिळते. परंतु यातील कोणता पदार्थ नेमके काय करतो, याची कल्पना अनेक वाहनधारकांना नसते. परिणामी रंगाला जपण्यासाठी केलेला खर्च कधीकधी रंगाच्याच मुळावर येतो.

सर्वांत मोठा गोंधळ 'पॉलिश' आणि 'मेण' या दोन शब्दांचा आहे. व्यवहारात हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांची कार्ये परस्परविरुद्ध आहेत. पॉलिश रंगाचा अतिशय पातळ थर घासून काढते, तर मेण रंगावर एक पातळ थर चढवते. हा एक भेद लक्षात घेतला, तर पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

केसाएवढ्या जाडीत चार थर

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्याला सर्वांत जवळचा थर गंजरोधक असतो. मोटारीचा संपूर्ण सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने हा थर चढवला जातो. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा रंगहीन, पारदर्शक थर असतो. कारखान्यात हे थर भट्टीत, सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाला पक्के केले जातात.

या चारही थरांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरील केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून मोटारीचा सगळा रंग दोन केसांच्या जाडीइतकाही नसतो, हे ध्यानात येईल. यापैकी सर्वांत वरचा पारदर्शक थर केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो.

मोटारीची चकाकी या पारदर्शक थरावर अवलंबून असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी रसायनेही त्यातच मिसळलेली असतात. हा थर एकदा घासला गेला की तो पुन्हा वाढत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना मोटारीला मिळालेली ही ठेव आहे. प्रत्येक पॉलिशच्या वेळी त्यातून थोडी रक्कम काढली जाते आणि भरणा कधीच होत नाही.

चकाकी म्हणजे काय?

चकाकी हा पृष्ठभागाच्या सपाटपणाचा परिणाम आहे. पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत असेल, तर त्यावर पडलेले प्रकाशकिरण एकाच दिशेने परावर्तित होतात आणि समोरच्या वस्तूचे प्रतिबिंब स्पष्ट उमटते. पृष्ठभाग खडबडीत असेल, तर तेच किरण निरनिराळ्या दिशांना विखुरतात. मग प्रतिबिंब पुसट होते आणि रंगावर पांढरट झाक दिसू लागते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. त्यामुळे मायक्रॉनच्या अंशाइतके चरेदेखील डोळ्यांना जाणवतात.

उद्योगात चकाकी मोजण्यासाठी चकाकीमापक वापरतात. ठराविक कोनातून, बहुधा ६० अंशांतून, पृष्ठभागावर प्रकाश टाकून परावर्तित प्रकाश मोजला जातो. १.५६७ अपवर्तनांक असलेल्या, आरशासारख्या घोटलेल्या काळ्या काचेची चकाकी १०० मानून इतर पृष्ठभागांना अंक दिले जातात.

उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. अनेकांना वाटते की कोणीतरी गोलाकार हात फिरवल्यामुळे ती उमटली आहेत. वास्तविक तेथे सर्व दिशांना गेलेले असंख्य बारीक चरे असतात. त्यांपैकी जे चरे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात, तेवढेच डोळ्यांकडे किरण पाठवतात आणि त्यामुळे वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या आणि रुपेरी मोटारींवरही तितकेच चरे असतात. परंतु फिकट रंगातून मुळातच पुष्कळ प्रकाश परततो, म्हणून ते दडून राहतात. काळा, गडद निळा आणि गडद तांबडा हे रंग काहीच लपवत नाहीत.

रंगाचे खरे शत्रू

रंग निस्तेज होण्याचे खापर बहुधा उन्हावर फोडले जाते. भारतातील प्रखर ऊन हे एक महत्त्वाचे कारण आहेच. परंतु चऱ्यांचे प्रमुख कारण उन्हापेक्षा फडके हे आहे.

देशातील बहुतेक शहरांत पहाटेच्या वेळी एक परिचित दृश्य दिसते. इमारतीच्या आवारात एक माणूस एक बादली पाणी आणि एक-दोन फडकी घेऊन पाठोपाठ दहा-पंधरा मोटारी पुसतो. पहिल्या दोन-तीन मोटारींनंतर पाणी गढूळ होते. तेच फडके त्याच पाण्यात पिळून पुढच्या मोटारीवर फिरते. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे, म्हणजेच क्वार्ट्झचे बारीक कण असतात. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्‌स मापनश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक सातवा आहे. मोटारीवरील पारदर्शक थर त्याच्यापुढे फारच मऊ ठरतो. म्हणजे रोज सकाळी मोटारीवरून एक प्रकारचा अतिबारीक काचकागद फिरवला जातो. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे याहूनही वाईट, कारण तेथे कणांना वाहून नेणारे पाणीही नसते.

यात दोष त्या माणसाचा नाही. महिन्याकाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यात प्रत्येक मोटारीला काही मिनिटे आणि अर्धी बादली पाणी एवढेच त्याच्या वाट्याला येते. मालकाने स्वतःची दोन स्वच्छ फडकी त्याच्याकडे दिली आणि रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा नीट धुण्याचे तेवढेच पैसे दिले, तर रंग आणि रोजगार दोन्ही टिकू शकतात.

दुसरा शत्रू आकाशातून येतो. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. त्यातच उन्हाने तापलेला पारदर्शक थर किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो आणि रात्री थंड होताना वाळलेल्या विष्ठेच्या आकाराबरहुकूम आक्रसतो. परिणामी विष्ठा पुसल्यावरही तिचा ठसा राहतो. ती दिसताच पाण्याने भिजवून, मऊ झाल्यावर उचलून काढणे हा एकमेव उपाय आहे. वाळलेली विष्ठा घासल्यास चरे पडतात.

झाडाची सावली उन्हापासून वाचवते, पण तिचीही किंमत असते. आंब्याला मोहोर येतो त्या काळात तुडतुडे मधासारखा चिकट द्रव टाकतात. पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला की त्यांच्याखालीही असाच चिकट सडा पडतो. हा द्रव उन्हात वाळला की साध्या पाण्याने निघत नाही.

तिसरा शत्रू म्हणजे पाणीच. राजस्थान, गुजरात, तेलंगण आणि मराठवाड्याच्या अनेक भागांत कूपनलिकेचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. मोटार धुऊन उन्हात तशीच वाळू दिली, तर पाणी उडून जाते आणि क्षारांची पांढरी वलये मागे उरतात. ताजे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, मात्र नंतर तो भाग भरपूर पाण्याने धुवावा लागतो. जुने डाग थरात खोलवर गेलेले असतात. मुंबई, गोवा, कोची, चेन्नई या किनारपट्टीच्या शहरांत खारा वारा ही आणखी एक भर आहे. मिठाचा पातळ थर चकाकी घालवतोच, शिवाय जेथे रंगाचा टवका उडाला असेल तेथे गंजाला आमंत्रण देतो.

लाखेच्या रंगापासून क्लिअर कोटपर्यंत

मोटारीला पॉलिश करण्याची प्रथा मोटारीइतकीच जुनी आहे, मात्र तिचे कारण काळानुसार बदलत गेले. आरंभीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेच रोगणाचे हात दिले जात. प्रत्येक हात वाळण्यास वेळ लागत असल्याने एका मोटारीच्या रंगकामात अनेक आठवडे जात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजवर आधारित, झटपट वाळणारा रंग बाजारात आणला आणि जनरल मोटर्सने त्याचा स्वीकार केला. हा रंग लवकर वाळे, पण त्याला अंगची चकाकी नसे. ती घोटून आणावी लागे. पॉलिश हा रंगकामाचाच भाग झाला, तो यामुळे.

भारतात पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसेडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी यांच्या काळात रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य थेट हवेच्या आणि उन्हाच्या संपर्कात येई. काही वर्षांत वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होई आणि हात लावल्यास बोटाला रंग लागे. अशा वेळी 'रबिंग कंपाउंड' लावून तो मृत थर घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई आणि मोटार नवी दिसू लागे. रंगाचा थर जाड असल्याने ही क्रिया अनेकदा करता येई. दर दिवाळीला मोटार 'घासून' घेण्याची सवय त्या काळात रुजली. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनीची अखेरची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. ती सवय मात्र मागे राहिली आहे. पातळ पारदर्शक थराच्या आजच्या मोटारींना ती मानवत नाही.

आपल्या मोटारीवर कोणत्या प्रकारचा रंग आहे हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने किंचित पॉलिश घासावे. फडक्याला मोटारीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही. फडके रंगहीन राहिले, तर आहे.

पहिली पायरी : धुणे

चकाकीचे निम्म्याहून अधिक काम धुण्यातच होते. मोटार सावलीत आणि बोनेट थंड असताना धुवावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ आणि वाळू वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एक मोटारीसाठीच्या सौम्य शांपूच्या पाण्याची आणि दुसरी साध्या पाण्याची. प्रत्येक वेळी फडके आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शांपूच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे निघालेली माती पुन्हा मोटारीवर जात नाही. टपापासून आरंभ करून खाली यावे. दारांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवावीत.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. त्यांत तेलकटपणा काढण्याची शक्ती असल्याने आधी लावलेले मेणही निघून जाते. पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे फडके उत्तम. त्याचे अतिसूक्ष्म तंतू धुळीचे कण आपल्यात ओढून घेतात आणि ते पृष्ठभागावर घासले जात नाहीत. जमिनीवर पडलेले फडके मात्र धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

धुतल्यानंतरही रंगावर बरेच काही चिकटून राहते. ब्रेकच्या तबकड्यांतून उडणारे लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, कारखान्यांचा धूर. हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोनेटवरून बोटे फिरवली, तर हे कण खरखरीत लागतात. ते काढण्यासाठी खास मळलेली, चिकणमातीसारखी वडी मिळते. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने ओला ठेवून ती हलक्या हाताने फिरवल्यास कण तिच्यात रुततात. वडी वारंवार मळून तिची स्वच्छ बाजू वर घ्यावी आणि खाली पडल्यास टाकून द्यावी.

दुसरी पायरी : पॉलिश, तेही गरज असेल तरच

पॉलिशमध्ये अपघर्षक कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. चऱ्याच्या दोन्ही काठांवरचा पारदर्शक थर घासून चऱ्याच्या तळाइतका खाली आणणे, हेच पॉलिशचे कार्य. चरा भरला जात नाही, त्याच्या भोवतालची जमीन खाली येते. साहजिकच जितका खोल चरा, तितका अधिक थर खर्ची पडतो.

यासाठी नखाची कसोटी उपयोगी आहे. चऱ्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले, तर तो चरा पॉलिशने काढण्याजोगा नाही. तो पूर्णपणे काढण्याच्या हट्टात पारदर्शक थर फाटण्याचा धोका असतो. असा चरा थोडा मऊ करून सोडून द्यावा किंवा तेवढ्या भागाचे रंगकाम करून घ्यावे.

जाणकार कारागीर नेहमी सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅडने आरंभ करतात. दोन फूट लांब-रुंद भागावर प्रयोग करून पाहतात आणि तेवढ्याने भागत नसेल, तरच पुढची पायरी गाठतात. अधिक काटेकोर ठिकाणी जाडीमापकाने रंगाची जाडी आधी मोजली जाते. एखाद्या दारावरची जाडी इतर भागांच्या दुप्पट भरली, तर ते दार पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवले गेले असण्याची शक्यता असते. जुनी मोटार विकत घेतानाही ही मोजणी उपयोगी पडते.

यंत्रांचेही दोन प्रकार आहेत. एकाच आसाभोवती फिरणारे यंत्र वेगाने काम करते, पण एका जागी थोडे अधिक थांबले तरी तेथे उष्णता साठते आणि रंग करपतो. स्वतःभोवती फिरता-फिरता थोडे डोलणाऱ्या दुहेरी गतीच्या यंत्रात हा धोका बराच कमी असतो. दारांच्या आणि बोनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे यंत्र लावणे टाळतात. नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान या कडांवरच होते.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहिले पाहिजे. काही पॉलिशमध्ये तेले आणि सिलिकोन मिसळलेले असते. ते चऱ्यांत भरून राहते आणि मोटार काही दिवस निर्दोष दिसते. तीन-चार वेळा धुतल्यावर चरे पुन्हा प्रकट होतात. विक्रीस काढलेल्या जुन्या मोटारीवर हा उपाय हमखास केलेला असतो. खोबरेल तेल आणि घासलेट यांचा घरगुती प्रयोगही याच जातीचा. तेलकट थरामुळे चरे क्षणभर दडतात, परंतु त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ नवे चरे पाडते. घासलेटाने दारांच्या रबरी पट्ट्याही खराब होतात.

तिसरी पायरी : मेण

मोटारीच्या मेणात सर्वाधिक नावाजलेले मेण 'कार्नोबा' हे आहे. ईशान्य ब्राझीलच्या पियाउई, सिआरा आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर ते जमते. कोरड्या ऋतूत पानांतील पाणी उडून जाऊ नये, यासाठी वृक्ष स्वतःच हे आवरण निर्माण करतो. पाने कापून, वाळवून, झोडपून त्यांवरील भुकटी गोळा करतात आणि ती वितळवून मेण तयार करतात. हेच मेण चॉकलेटच्या गोळ्यांना, औषधांच्या वड्यांना आणि फळांना तकतकी आणण्यासाठीही वापरले जाते.

कार्नोबाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा वितळणबिंदू. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. मे महिन्यात नागपूर किंवा जयपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीचे बोनेट किती तापते हे लक्षात घेतले, तर या २० अंशांच्या फरकाचे महत्त्व कळते. मात्र शुद्ध कार्नोबा विटेसारखे कठीण आणि ठिसूळ असते. ते तसेच मोटारीवर पसरवता येत नाही. म्हणून प्रत्येक डबीत त्याबरोबर इतर मेणे, तेले आणि द्रावके असतातच. वेष्टनावर 'शंभर टक्के कार्नोबा' असे लिहिलेले असले, तरी तो दावा फार तर डबीतील मेणाच्या भागापुरता खरा असू शकतो.

मेणामुळे दोन गोष्टी घडतात. अतिसूक्ष्म खाचा बुजून पृष्ठभाग आणखी सपाट होतो आणि पाणी पसरण्याऐवजी थेंब धरते. अळवाच्या पानावरचे पाणी मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. तेथेही पानावरील मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांचे आवरण थेंबाला टेकू देत नाही. मोटारीवर थेंब गोल राहतात, तोवर मेण शाबूत आहे असे मानता येते. थेंब चपटे होऊन पसरू लागले की पुन्हा मेण लावण्याची वेळ झाली.

मेण लावण्याची पद्धत साधी आहे. मोटार स्वच्छ, कोरडी, थंड आणि सावलीत असावी. स्पंजवर अगदी थोडे मेण घेऊन शक्य तितका पातळ हात द्यावा. जाड थराने चकाकी वाढत नाही, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. थोड्या वेळाने मेण पांढुरके दिसू लागते. बोट ओढून पाहिल्यावर खाली स्वच्छ रंग दिसला, तर ते पुसण्यास योग्य झाले. मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यावे. काळ्या प्लास्टिकच्या भागांना मेण लागू देऊ नये, तेथे न जाणारे पांढरे डाग पडतात. समोरच्या काचेलाही ते लावू नये. वायपर अडखळतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच चकाकून दिसेनासे होते.

भारतीय हवामानात नैसर्गिक मेण काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकते. कृत्रिम बहुवारिकांपासून बनवलेले 'सीलंट' त्याहून अधिक काळ, सुमारे सहा महिने टिकू शकतात. पावसाळ्यापूर्वी एक आणि दिवाळीच्या सुमारास एक, अशा दोन वेळा बहुतेक मोटारींना पुरेशा होतात. होळीपूर्वी लावलेले मेणही उपयोगी पडते, कारण रंग थेट पारदर्शक थराला न चिकटता सहज धुऊन निघतो. अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागावर मात्र लगेच मेण लावू नये. त्यातील द्रावके पूर्णपणे उडून जाण्यास अवधी लागतो. रंगकाम करणारे सांगतील त्याप्रमाणे महिना-दोन महिने थांबणे इष्ट. जाणीवपूर्वक निस्तेज ठेवलेल्या 'मॅट' रंगाला तर पॉलिश आणि मेण दोन्ही वर्ज्य आहेत.

टेफ्लॉन आणि सिरॅमिकचे दावे

नवी मोटार घेताना ग्राहकाला अनेकदा 'टेफ्लॉन कोटिंग' सुचवले जाई आणि काही ठिकाणी अजूनही सुचवले जाते. टेफ्लॉन हे १९३८ मध्ये ड्यूपाँटमधील संशोधक रॉय प्लंकेट यांना सापडलेल्या बहुवारिकाचे व्यापारी नाव. त्याचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे. तव्यावर त्याचा थर पक्का करण्यासाठी त्याहून अधिक तापमान लागते. त्या तापमानाला मोटारीचा रंग जळून जाईल. तेव्हा या नावाने मोटारीवर जे लावले जाते, त्याचा तव्यावरील लेपाशी संबंध जोडणे योग्य नाही. ते फार तर एक सीलंट असते आणि त्याची किंमत त्या हिशेबानेच जोखावी.

अलीकडच्या काळात त्याची जागा 'सिरॅमिक कोटिंग'ने घेतली आहे. सिलिकॉनच्या संयुगांपासून बनलेला हा द्रव पृष्ठभागावर घट्ट होऊन काचेसारखा थर बनवतो. मेणापेक्षा तो अधिक टिकाऊ असतो, रसायनांना अधिक तोंड देतो आणि धुणे सोपे करतो, हे खरे. परंतु त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. दगडाचा मारा किंवा किल्लीचा ओरखडा तो अडवू शकत नाही.

त्याच्या जाहिरातीत '९ एच' हा शब्दप्रयोग ठळक असतो. अनेकांना तो खनिजांच्या कठीणतेचा, म्हणजे हिऱ्याच्या खालोखालचा क्रमांक वाटतो. वास्तविक तो पेन्सिलींच्या कठीणतेचा क्रमांक आहे. ९ एच पेन्सिलीने थरावर ओरखडा उमटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीच्या शिशापेक्षा पुष्कळ कठीण असते.

शिवाय सिरॅमिकचा थर पारदर्शक असल्याने त्याखालचे चरे तसेच दिसत राहतात. म्हणून तो चढवण्यापूर्वी पॉलिश करावेच लागते आणि कामाचा दर्जा त्या पॉलिशवरच ठरतो. दगडांपासून खरोखर संरक्षण हवे असल्यास पारदर्शक प्लास्टिकचा पडदा चिकटवण्याचा पर्याय आहे. त्याची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मोटारीच्या संपूर्ण रंगापेक्षाही अधिक असते. त्याचा खर्चही त्याच प्रमाणात मोठा असतो.

चकाकी आणि पाणी

मोटारीच्या चकाकीचा विचार आता पाण्याच्या हिशेबाशिवाय करता येत नाही. मार्च २०२४ मध्ये टंचाईच्या काळात बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई केली आणि ५,००० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षी मे अखेरीस दिल्ली सरकारने नळीने मोटारी धुण्यासह पाण्याच्या अपव्ययासाठी २,००० रुपये दंड जाहीर केला. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे या विषयाची वेगळी आठवण करून देण्याची गरज नाही.

सुदैवाने रंगाचे हित आणि पाण्याची बचत यांत विरोध नाही. मेण किंवा सीलंट लावलेल्या मोटारीवर माती घट्ट धरत नाही, त्यामुळे दोन-तीन बादल्यांत ती स्वच्छ होते. न खळबळता धुण्याची विशेष द्रावणेही मिळतात. त्यांतील बहुवारिके धुळीच्या कणांना वेढून पृष्ठभागापासून अलग ठेवतात आणि एका बादलीत काम भागते. दररोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुतलेल्या मोटारीला पाणीही कमी लागते आणि चरेही कमी पडतात.

कोठे थांबावे?

पारदर्शक थर एकदा सोलवटू लागला, बोनेटवर किंवा टपावर पांढरे पापुद्रे दिसू लागले, की कोणतेही पॉलिश वा मेण उपयोगी पडत नाही. तेथे पुन्हा रंगकाम हाच मार्ग उरतो. ती वेळ लांबवणे मात्र मालकाच्या हाती असते. त्यासाठी नियमितपणे करण्याची कामे स्वस्त आहेत. सावलीत उभी करणे, स्वच्छ फडक्याने धुणे, विष्ठा आणि चीक वेळीच काढणे आणि वर्षातून दोन-तीन वेळा मेण लावणे. पॉलिशचे महागडे काम चार-पाच वर्षांतून एखाद्या वेळी, तेही चरे खरोखर डोळ्यांत भरू लागल्यावर करावे.

सणाच्या आदल्या दिवशी 'संपूर्ण घासून' देण्याचा आग्रह झाला, तर एक प्रश्न विचारणे पुरेसे आहे. यात रंग घासला जाणार आहे की त्यावर काही चढवले जाणार आहे? उत्तर देणाऱ्याला हा भेद सांगता येत नसेल, तर त्या दिवशी केवळ धुऊन, मेणाचा एक पातळ हात देऊन झेंडूचा हार चढवणे मोटारीच्या अधिक हिताचे ठरेल.